पाचवीनंतर कुठली शाळा?

मे महिना संपत आला की ओळखीचे-अनोळखी आईबाप मला एकच प्रश्न विचारतात. "बाई, लेकराची पाचवी झाली. आता गावातल्याच शाळेत ठेवू, का मोठ्या गावच्या प्रशालेत टाकू?" दोन्ही शाळा जिल्हा परिषदेच्याच. फी कुठेच नाही, पुस्तकं फुकट मिळतात, दुपारची खिचडी दोन्हीकडे शिजते. मग निवड कशावर करायची? कोणी सांगतं, तिकडं रंगरंगोटी झकास आहे. कोणी म्हणतं, तिकडचं पोरगं शिष्यवृत्तीत आलं. कोणाला वाटतं, तिकडचे सर कडक आहेत म्हणजे शाळा चांगली. एवढ्या ऐकीव माहितीवर लेकराच्या तीन वर्षांचा निर्णय होतो.

परभणी जिल्ह्यात मी आधी गणित-विज्ञानाची पदवीधर शिक्षिका होते आणि पुढे केंद्रप्रमुख म्हणून निवृत्त झाले. केंद्रप्रमुखाकडे दहा-पंधरा शाळा असतात. एकाच मुलखातल्या शाळा शेजारी शेजारी ठेवून बघायची सवय त्या कामानं लावली. त्यातून जे उमगलं ते इथं सांगते. शाळा तोलायची असेल तर भिंती, फलक आणि निकाल नंतर बघा. आधी सहावीच्या वर्गात जाऊन बसा. सहावीत आलं तेव्हा मूल कुठं होतं आणि आठवीतून निघताना कुठवर पोचलं, तेवढंच त्या शाळेचं खरं कर्तृत्व.

मधली तीन वर्षं

पहिलीत नाव घालताना अख्खं घर शाळेत येतं. दहावीच्या निकालाला अख्खं गाव जागं असतं. सहावी, सातवी, आठवी मात्र कोणाच्या गणतीत नसतात. आणि नेमक्या याच वर्षांत अपूर्णांक, बीजगणित, विज्ञानातले प्रयोग आणि इंग्रजीचं खरं वाचन सुरू होतं. इथं हात सुटला तर नववीत धरायला जागा राहत नाही.

यात व्यवस्थेचाही वाटा आहे. आपल्याकडे पहिली ते चौथी प्राथमिक, पाचवी ते सातवी उच्च प्राथमिक आणि आठवीपासून हायस्कूल अशी जुनी घडी होती. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि पहिली ते पाचवी, सहावी ते आठवी अशी नवी घडी आली. कागदावरची घडी बदलली, गावातल्या खोल्या आणि पदं जुन्याच हिशोबाची राहिली. म्हणून आजही अनेक गावांत शाळा चौथीला किंवा सातवीला थांबते. सातवीला थांबणाऱ्या शाळेतल्या मुलाला उच्च प्राथमिकच्या शेवटच्या वर्षासाठी पुन्हा नवी शाळा शोधावी लागते. शाळा बदलली की काही मुलं, विशेषतः मुली, त्या वळणावरच गळतात.

आपल्या भागाची आणखी एक गोष्ट आहे. पश्चिम महाराष्ट्रात हायस्कूल म्हटलं की बहुतेक वेळा ते खासगी संस्थेचं असतं. मराठवाड्यात जिल्हा परिषदेची 'प्रशाला' असते. निजामाच्या राज्यात बहुतेक माध्यमिक शाळा सरकारी होत्या आणि तिथलं शिक्षण उर्दूत चाले. मराठीतून शिकवण्यासाठी सेलूच्या नूतन विद्यालयासारख्या खासगी शाळांनी खटपट केली. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला, १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला आणि १९६२ मध्ये जिल्हा परिषदा स्थापन झाल्यावर त्या सरकारी शाळा त्यांच्याकडे आल्या. आज परभणी, जिंतूर, सेलू, पाथरी, मानवत, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा या नऊ तालुक्यांतल्या पालकांपुढे जो पर्याय उभा राहतो त्याचं मूळ इथं आहे. गावातली सातवी-आठवीपर्यंतची शाळा एकीकडे, बाजारगावची दहावीपर्यंतची प्रशाला दुसरीकडे. त्यातच उर्दू माध्यमाच्या शाळा आल्या, आणि शाळाबाह्य मुलींसाठी सहावीपासून निवासी असलेली कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयंही.

कागद काय सांगतो

देशातल्या प्रत्येक शाळेला अकरा अंकी यू-डायस क्रमांक असतो. पहिले दोन अंक राज्याचे, पुढचे दोन जिल्ह्याचे, मग दोन तालुक्याचे, तीन गावाचे आणि शेवटचे दोन त्या शाळेचे. महाराष्ट्राचा क्रमांक २७, परभणीचा १७. म्हणून आपल्या जिल्ह्यातल्या शाळांचे क्रमांक २७१७ ने सुरू होतात. शाळेच्या दारावर किंवा मुलाच्या प्रगतिपुस्तकावर हा क्रमांक सापडतो. तो घेऊन यू-डायसच्या संकेतस्थळावर गेलं की शाळेचं पत्रक मोबाइलवर उघडतं. वर्गवार पट, शिक्षक, खोल्या, मुलींचं स्वच्छतागृह, पाणी, वीज, संगणक, ग्रंथालय अशी माहिती त्यात असते. दोन शाळांची पत्रकं शेजारी ठेवली की अर्धी ऐकीव माहिती तिथंच गळून पडते.

पण हे पत्रक शाळेनंच भरलेलं असतं. 'ग्रंथालय आहे' असं लिहिलं म्हणजे पुस्तकं कोणाच्या हातात पडतात असं नाही. म्हणून पत्रक वाचून झालं की शाळेत जा आणि दोन गोष्टी मागा. पहिली, पुस्तकांच्या देवघेवीची वही. तिच्यातली शेवटची तारीख कोणती आहे ते बघा. दुसरी, विज्ञानाचं कपाट. मी शाळाभेटीला गेले की कपाटातल्या वस्तू मोजत बसत नसे. परीक्षानळी उचलून तिचं बूड उजेडात धरायची. बूड काळवंडलेलं असेल, स्पिरिटच्या दिव्याची वात जळून आखूड झालेली असेल, तर या वर्गात प्रयोग होतात हे नक्की. एका शाळेत निळ्या रंगाचा डाग पडलेली, एक पाय हलणारी तिपाई होती. मुलं सांगू लागली, "बाई, मोरचूद सांडला तवाचा डाग हाय." त्या शाळेचं पत्रक साधंच होतं. दुसरीकडे एका कपाटात चंचुपात्रं अजून वर्तमानपत्रात गुंडाळलेली होती. पत्रकात दोन्ही शाळांपुढे 'प्रयोगसाहित्य: आहे' असंच लिहिलेलं होतं.

कोणी म्हणेल, एवढी सर्वेक्षणं होतात, त्यातून चांगली शाळा कळत नाही का? नाही कळत. राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण नोव्हेंबर २०२१ मध्ये झालं, पुढचं 'परख' सर्वेक्षण डिसेंबर २०२४ मध्ये झालं. त्यासाठी निवडक शाळा घेतात आणि जिल्ह्याचं चित्र काढतात. 'असर' हे प्रथम संस्थेचं सर्वेक्षण २००५ पासून चालू आहे. त्यात जिल्ह्यातली तीस गावं आणि गावातली वीस घरं निवडून मुलांचं वाचन आणि गणित घरीच तपासतात. ही कामं मोलाची आहेत. जिल्हा कुठं आहे हे त्यातून कळतं. तुमच्या गावची शाळा आणि तीन किलोमीटरवरची शाळा यांतली कोणती बरी, हे सांगायला ती केलेलीच नसतात.

शिक्षक किती, आणि कशाचे?

पालक विचारतात, "शिक्षक किती हायत?" माझं म्हणणं, त्याच्या पुढचाही प्रश्न विचारा. कशाचे आहेत?

पहिली ते पाचवीला एक शिक्षक सगळे विषय शिकवतो, आणि ते ठीकच आहे. सहावीपासून कायदा बदलतो. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात लिहिलंय की सहावी ते आठवीसाठी विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रं आणि भाषा यांना किमान एकेक शिक्षक हवा. म्हणजे किमान तीन. पस्तीस मुलांमागे एक शिक्षक हवा. पट शंभराच्या वर गेला तर पूर्णवेळ मुख्याध्यापक आणि कला, आरोग्य-शारीरिक शिक्षण, कार्यशिक्षण यांचे अंशकालीन शिक्षक हवेत. शाळा वर्षाला किमान २२० दिवस आणि १,००० तास भरली पाहिजे. पाचवीपर्यंत हेच आकडे २०० दिवस आणि ८०० तास असे आहेत.

आता गावात काय होतं ते बघा. सहावी-सातवीचा पट लहान. दरवर्षी 'संचमान्यता' होते, म्हणजे पटावरून पदं ठरतात. पट घटला की पद जातं, पद गेलं की विषयाचा शिक्षक जातो, शिक्षक गेला की पालक मूल काढून नेतात आणि पट आणखी घटतो. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयानं संचमान्यतेचे निकष पुन्हा बदलले, तेव्हा लहान पटाच्या सहावी ते आठवीच्या वर्गांना त्याचा फटका बसेल म्हणून शिक्षक संघटनांनी विरोध केला. त्यांची भीती मला खरी वाटते. या फेऱ्यात सापडलेल्या शाळेला 'वाईट शाळा' म्हणणं अन्यायाचं आहे. तिच्याकडून शिक्षक काढून घेतलेला असतो.

उर्दू माध्यमाच्या शाळांत ही अडचण आणखी बिकट असते. पाथरी, जिंतूर, परभणी अशा ठिकाणी उर्दू शाळांना जुनी परंपरा आहे, पण उर्दूतून गणित-विज्ञान शिकवणारा पदवीधर शिक्षक एकदा बदलून गेला की दुसरा लवकर मिळत नाही.

आणखी एक गोष्ट बघायची. ही शाळा एका माणसावर उभी आहे का? एखादे सर किंवा मॅडम जीव ओततात, शाळा नावारूपाला येते, आणि बदली झाली की दोन वर्षांत उतरते. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाची बदली व्हायचीच. म्हणून विचारा, गेल्या बदलीनंतर शाळा कशी चालली? नवीन माणूस आल्यावरही परिपाठ, वाचनाचा तास, प्रयोग सुरू राहिले असतील तर त्या शाळेनं चांगली सवय अंगी बाणवली आहे. अशी शाळा भरवशाची.

फळ्यावरचा एक भागाकार

कागद झाला, शिक्षक झाले. आता मुलं. तुम्ही पालक आहात, तुम्हाला परीक्षा घ्यायची नाही. पण मुख्याध्यापकांना विचारून सहावीच्या वर्गात पाच मिनिटं बसता येतं. मी एकच उदाहरण द्यायची: ६१८ भागिले ६.

बरोबर उत्तर १०३. पुष्कळ मुलं १३ लिहितात. सहाला सहानं भाग गेला, एक लिहिला. पुढच्या एकाला भाग जात नाही म्हणून सरळ आठ खाली ओढला, अठराला भाग गेला, तीन लिहिले. मधलं शून्य गेलं. मुलाला पाढे येतात, रीतही येते. शतक, दशक, एकक मात्र मनात बसलेलं नाही. हे तिसरी-चौथीचं राहिलेलं असतं आणि सहावीत दशांश अपूर्णांक आले की तिथं मूल अडून बसतं.

उत्तर चुकलं यावरून शाळा जोखायची नाही. चुकल्यावर वर्गात काय होतं ते बघायचं. एका वर्गात मुलीनं १३ लिहिलं आणि बाईंनी फळा पुसून बरोबर उत्तर लिहून दिलं. मुलांनी ते वहीत उतरवून घेतलं. दुसऱ्या एका वर्गात सरांनी तिलाच विचारलं, "सहा गुणिले तेरा किती?" ती म्हणाली, "अठ्ठ्याहत्तर." "मग सहाशे अठरातले बाकीचे कुठं गेले?" वर्ग गप्प झाला. सरांनी टेबलाच्या खणातून कागदी नोटा काढल्या. शंभराच्या सहा, दहाची एक, आणि सुटे आठ. सहा मुलं पुढे बोलावली. शंभराची एकेक नोट प्रत्येकाच्या हातात गेली. दहाची एक नोट सहा जणांत कशी वाटायची? ती मुलगीच म्हणाली, "सर, न्हाई वाटता येत. दहाची कोणालाच न्हाई." "मग ते फळ्यावर कुठं लिहिलंस?" तिनं खडू घेतला, एक आणि तीनच्या मध्ये शून्य लिहिलं, आणि दहाची नोट मोडून अठरा सुटे तीन-तीन वाटले.

दोन्ही वर्ग जिल्हा परिषदेचे, दोन्ही शिक्षकांचा पगार सारखा, पुस्तक बालभारतीचंच. फरक त्या पाच मिनिटांत दिसला. शाळांची तुलना म्हणजे मला तरी ही पाच मिनिटं.

जानेवारीची हजेरी

जूनमध्ये सगळ्या शाळा भरलेल्या दिसतात. तुलना करायची तर हजेरीपत्रकातलं जानेवारीचं पान उघडा.

आपला जिल्हा एकसारखा नाही. पैठणहून निघालेला जायकवाडीचा डावा कालवा पाथरी, मानवत, परभणीच्या शिवारातून जातो. तिथं दुसरं पीक निघतं आणि माणसं गावात राहतात. गंगाखेड, पालमकडे बालाघाटाचे डोंगर, जिंतूरकडे माळरान आणि टेकड्या. तिकडची जमीन हलकी आणि पावसावरची. दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेली जोडपी कोयता घेऊन ऊसतोडीला साखर कारखान्यांकडे निघतात, ती पार उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. सहावीतल्या मुलाला सोबत नेतात ते बैलांसाठी आणि वाढं गोळा करण्यासाठी. मुलीला नेतात ते कोपीवर, म्हणजे तळावरच्या झोपडीत, धाकटी भावंडं सांभाळायला.

म्हणून कालव्याखालच्या गावातली शाळा आणि डोंगरातली शाळा एका तराजूत घालू नका. डोंगरातल्या शाळेची तुलना डोंगरातल्याच दुसऱ्या शाळेशी करा. विचारा, इथं हंगामी वसतिगृह वेळेवर सुरू होतं का? आजीजवळ राहिलेल्या मुलांना रात्रीचं जेवण मिळतं का? जी मुलं आईबापांबरोबर गेली त्यांना तिकडच्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी कार्ड दिलं का, आणि ती परत आल्यावर त्यांचा राहिलेला अभ्यास कोण भरून काढतं? ज्या शाळेत जानेवारीतही सहावीचा वर्ग भरलेला असतो, तिथल्या शिक्षकांनी दिवाळीआधी घरोघर फिरून आईबापांचं मन वळवलेलं असतं. ही मेहनत कुठल्याच पत्रकात येत नाही.

यातून मुलींचा प्रश्न येतो, आणि तो मी सगळ्यात वर ठेवते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात परभणी जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या ४८ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. राज्याचा आकडा २२ टक्क्यांच्या आसपास होता. या आकड्याची सुरुवात सहावी ते आठवीत होते. मुलीनं एकदा शाळा सोडली की घरात लग्नाचा विषय निघायला वेळ लागत नाही. म्हणून तुलना करताना हे जरूर मागा: तीन वर्षांपूर्वी सहावीत किती मुली होत्या, त्यांतल्या किती जणी आठवीत पोचल्या, आणि किती जणींनी नववीत नाव घातलं? मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी आहे का, आत पाणी आहे का? शाळा परगावी असेल तर बस कधी सुटते? अहिल्याबाई होळकर योजनेत मुलींना एसटीचा पास मोफत मिळतो. पण गावात एसटी येतच नसेल, किंवा पावसाळ्यात काळ्या मातीच्या चिखलानं वाट बंद होत असेल, तर नुसत्या पासानं मुलगी शाळेत पोचत नाही. नियमानं सहावी ते आठवीची शाळा तीन किलोमीटरच्या आत हवी. ते अंतर नकाशावर मोजू नका. जुलै महिन्यात मुलीबरोबर एकदा चालून बघा.

निकालाचा फलक

मोठ्या गावच्या शाळेबाहेर शिष्यवृत्तीधारकांचे फोटो लावलेला फलक असतो. त्या मुलांचं आणि शिक्षकांचं मनापासून कौतुक आहे. आठवीतली एनएमएमएस शिष्यवृत्ती परीक्षा तर गरीब घरासाठी मोठा आधार आहे. त्यात निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२ हजार रुपये मिळतात, आणि त्या पैशावर कितीतरी मुली शाळेत टिकतात. शाळा एनएमएमएसला किती मुलं बसवते, हे तुलनेत जरूर धरा. निवड किती झाली त्याआधी बसवली किती, हे विचारा. काही शाळा हुशार पाच मुलं बसवतात आणि काही अख्खा वर्ग बसवतात. अख्खा वर्ग बसवणाऱ्या शाळेचं काम मोठं.

निकाल एकटा काय सांगतो हे जगानंही शिकून घेतलं आहे. इंग्लंडमध्ये १९९२ पासून माध्यमिक शाळांच्या निकालांचे तक्ते प्रसिद्ध होऊ लागले. सुखवस्तू वस्तीतल्या शाळा वर, गरीब वस्तीतल्या खाली, असंच चित्र दिसायचं. मूल कोणत्या घरातून आलं हेच त्या तक्त्यांतून जास्त कळत होतं. पुढे तिथल्या शिक्षण खात्यानं मोजणी बदलली. अकराव्या वर्षी मूल कुठं होतं ते बघून पाच वर्षांत ते किती पुढे गेलं, हे २०१६ पासून मुख्य माप धरायला लागले. अकरावं वर्ष म्हणजे आपली सहावी.

हिशोब करून बघा. समजा, एका शाळेत सहावीला चाळीस मुलं आली, जूनमध्ये त्यांतल्या दहांना भागाकार येत होता आणि मार्चमध्ये तिसांना आला. दुसऱ्या शाळेत पस्तीस आली, जूनमध्येच अठ्ठावीसांना येत होता आणि मार्चमध्ये एकतीसांना. निकाल लावला तर पहिली शाळा ७५ टक्के आणि दुसरी ८९ टक्के. फलक दुसऱ्या शाळेबाहेर लागेल. पण पहिल्या शाळेनं वीस मुलांना नव्यानं शिकवलं, दुसरीनं तिघांना. माझं मूल गणितात कच्चं असेल तर मी त्याला डोळे मिटून पहिल्या शाळेत घालीन.

ही मोजणी करायला नवीन काही लागत नाही. शाळा सुरू झाल्यावर पायाभूत चाचणी होते, नंतर संकलित चाचण्या होतात. गुण शाळेतच असतात. ते एकाखाली एक लिहून बघणारं कोणीतरी हवं.

तुलना कशासाठी?

या सगळ्यातून दोन वाटा निघतात. पहिली, चांगली शाळा बघून मूल तिकडं नेणं. यात चुकीचं काही नाही. सलग तीन वर्षं गणित-विज्ञानाचा शिक्षक नसलेल्या शाळेत मूल ठेवा, असं मी कोणालाही सांगणार नाही. पण ही वाट ज्याच्याकडे दुचाकी आहे, ज्याला रोजची ने-आण परवडते, ज्याचे नातेवाईक मोठ्या गावात आहेत, त्यालाच मिळते. गावात मागे राहतात ती शेतमजुराची, ऊसतोड्याची मुलं, आणि मुली. अशी वीस घरं निघून गेली की पट घटतो, शिक्षकाचं पद जातं, आणि राहिलेल्यांची शाळा आणखी दुबळी होते. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचा विचार सरकारनं पुढे आणला, तेव्हा गावोगावच्या पालकांच्या पोटात गोळा आला तो यामुळेच.

दुसरी वाट आहे मागण्याची. शेजारच्या शाळेत जे आहे ते आमच्या शाळेत का नाही, हे विचारण्याची. जे. पी. नाईक हे आपले मोठे शिक्षणतज्ज्ञ कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते. १९६६ च्या त्या अहवालात शाळासंकुलाची कल्पना मांडली आहे. एका परिसरातल्या शाळांनी एकमेकींचे शिक्षक, साहित्य, प्रयोगशाळा वाटून घ्यावी आणि एकमेकींना वर ओढावं, असा तिचा गाभा आहे. आपली केंद्रशाळा त्याच विचाराची. केंद्रात दरमहा शिक्षण परिषद भरते. तिथं एका शाळेचे गणिताचे सर आठवड्यातून एक दिवस दुसऱ्या शाळेत जाऊ शकतात का, प्रयोगाची पेटी फिरती ठेवता येईल का, हे ठरवता येतं. माझ्या केंद्रात जिथं असं झालं तिथं सहावीची मुलं टिकली. दोन शाळा शेजारी ठेवून बघितल्या नसत्या तर कोणत्या शाळेला काय कमी पडतंय हे कळलंही नसतं.

हे काम पालकांच्या हातात आहे, कारण कायद्यानं त्यांना तशी जागा दिली आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया हव्यात. बऱ्याच गावांत या बैठकीची वही घरोघर फिरते आणि सह्या होतात. सह्या देऊ नका, बैठकीला जा. सहावी ते आठवीला कोणत्या विषयाचा शिक्षक नाही, जानेवारीत हजेरी किती होती, तीन वर्षांत किती मुली आठवीपर्यंत पोचल्या, आणि जूनमध्ये भागाकार न येणाऱ्या किती मुलांना मार्चमध्ये आला, हे चार आकडे मागा. केंद्रातल्या दुसऱ्या एखाद्या सारख्याच शाळेचेही तेच आकडे मागा. दोन्ही इतिवृत्तात लिहून घ्या आणि त्याची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवा. विषयशिक्षकाची मागणी तोंडी केली तर ती ऐकणाऱ्यापाशीच संपते. आकड्यांसह लेखी केली तर तिला उत्तर द्यावं लागतं.

मूल कुठल्या शाळेत घालायचं हे ज्याचं त्यानं ठरवावं. ठरवून झालं तरी गावातल्या शाळेच्या बैठकीला जाणं सोडू नका. ज्या घराला लेकरू परगावी पाठवता येत नाही, त्या घराला ती एकच शाळा आहे. ती चांगली करणं हीच शाळाशाळांची तुलना करण्यामागची खरी गरज आहे.